बटाटा मागितला की रताळं येतं

लॉरेन्सला, एसेक्स स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत
एर्सिलियाबाईंची खानावळ. सहा स्टुलं, एक काउंटर,
आणि गल्ल्यावर वाकड्या अक्षरांतली पाटी:
ओय नो फीओ, मान्याना सी.
कोश न उघडता मला कळलेलं
हे पहिलं स्पॅनिश वाक्य.
इचलकरंजीत आमच्या बॉबिनच्या दुकानातही
हीच पाटी होती. आज रोख, उद्या उधार.

बाई शिकवत नाहीत. वाढतात.
जे म्हणाल ते ताटात पडतं,
चूक तुमची, बिलही तुमचं.
पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हटलं, बटाटा.
पोर्तुगीजांकडून आलेला शब्द,
शेजारच्या भाषेत खपून जाईल.
आलं रताळं, सालासकट वाफाळतं,
आणि उपास नसताना मी ते निमूट खाल्लं.
पेरू मागितला तर म्हणाल्या, तो देश आहे,
विमानाने जावं लागतं.
पगार मात्र लगेच चालला.
शब्द ऐकताच त्यांनी हात पुढे केला:
त्यांच्याकडे तो घ्यायचा नसतो,
द्यायचा असतो.

एका मंगळवारी त्या युका किसत होत्या.
किसाच्या पाण्यात तळाला पांढरं बसलं,
बोटाने दाबलं तर करकरलं.
अरे, हा तर साबुदाणा,
दाणा व्हायचा राहिलेला!
आईने चाळीस वर्षं संकष्ट्या केल्या
आणि या मुळाचं तोंड कधी पाहिलं नाही.

व्याकरणही असंच आलं, तेलकट, तुकड्या-तुकड्याने.
इंग्रजीत आवडीचा कर्ता मीच.
वीस वर्षं तसं बोलून
खांदे जरा ताठ झालेत.
मे गुस्ता, म्हणाल्या बाई,
आणि माझा 'मला' घरी परतला.
मला आवडतं. आवडणं हे केळ्याचं काम,
मी नुसता चतुर्थीत उभा,
ताट धरून.

मेरिमॅकच्या काठच्या गिरणीत आता फ्लॅट आहेत.
मी झोपतो तिथे पूर्वी माग होते.
इतक्या शांततेत आमच्याकडच्या माणसाला झोप लागत नाही,
हे बाईंना सांगायला मला अख्खं जेवण लागलं,
क्रियापदं मोडत, हातांनी धोटा फेकत.
त्या म्हणाल्या, सासू तिथेच सूत जोडायची,
तिसरा मजला, नदीकडची खिडकी.
मग बराच वेळ आम्ही कुठल्याच भाषेत बोललो नाही.

फेब्रुवारीत बर्फ कमरेला आला
तेव्हा मी बानीला गेलो, बाईंच्या गावी.
आंबे मोहरले होते.
हापूसचा विषय मी काढला नाही,
पाहुण्याने तेवढं भान ठेवावं.
गुआगुआ म्हणजे आपलं वडापच,
दोघांच्या जागेत चौघं, दाराला लटकलेला किन्नर.
देहेमे दोंदे पुएदा, मी ओरडलो, जमेल तिथे सोडा,
आणि पुढे उन्हाबद्दल काहीतरी.
ड्रायव्हरने आरशात पाहिलं.
तोंडावरून इथला नाहीस,
पण 'ल'चा 'र' आमच्यासारखा करतोस.
कुणाचा तू?

कुणाचा तू.
कुठल्याच धड्याखाली या प्रश्नाचं उत्तर नसतं.
म्हटलं, एर्सिलियाचा.
मागच्या सीटवरून एक म्हातारी कडाडली:
कुठली? लॉरेन्सची?
तिला म्हणावं, शिलाई मशीनचे पैसे
अजून यायचेत,
अकरा वर्षं झाली.

परत आलो. बुटांचा बर्फ झटकला, स्टुलावर बसलो
आणि निरोप दिला, शब्दन् शब्द,
भूतकाळ जागच्या जागी, एकही चूक नाही.
इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच
न अडखळता बोललो होतो.
बाईंनी आधी पाटीकडे पाहिलं,
मग खिडकीबाहेर.
मान्याना, म्हणाल्या.
आणि न मागता
रताळं वाढलं.