सुटे भाग

जिन्याखालच्या कोनाड्यात
गुंटिसचा कॉम्प्युटर पंधरा वर्षं उभा होता,
रंगाच्या डब्यांना टेकून.
लिएपायाची खारट हवा
पत्र्याच्या कडा चाटत राहिली,
तिथे तेवढा तांबूस गंज.
बाकी, म्हटलं तर, ठणठणीत.

नवा घ्यायला पैसे नाहीत असं नाही.
ट्राम डेपोतून येतं त्यात माझं भागतं.
पण रोजचा कॉम्प्युटर परवा
काम करता करता काळा पडला,
आणि वाटलं, असावा एक जादाचा.
अडीनडीला.
घरात मेणबत्त्या असतात तसा.

पेटी आणि बोर्ड गुंटिसचा.
पॉवर सप्लाय डेपोच्या भंगारातला,
हिशेबनीस बाईंच्या मशीनचा,
त्यांच्या सिगारेटींचा वास अजून आत.
हार्ड डिस्क खालच्या मजल्यावरच्या रूडिसने दिली.
वय अकरा, छाती पुढे:
"यावर एकही गेम चालणार नाही हं, झेंटामावशी."
म्हटलं, चालू दे नुसतं.

स्क्रू ठेवायला स्प्रॅट मासळीचा रिकामा डबा.
कितीही घासला तरी
स्क्रूंना धुराचा वास.

प्रोसेसरवरचा लेप वाळून खडू झालेला.
पंख्यात धुळीची लोकर,
तिच्यात गुंतलेले दुक्सिसचे पिवळे केस.
कुत्रा गेला त्याला बारा वर्षं झाली.
टाकले. ठेवून करायचं काय.

बटण दाबलं.
पंखा फिरला, पडदा काळाच,
आणि तीन लांब शिट्या,
वर्गाबाहेर काढणाऱ्या बाईंसारख्या.

गुंटिसला फोन लावला.
माझ्याकडे दहा, त्याच्याकडे द्रॉहेडात आठ,
अळंब्यांच्या शेडमधून नुकताच आलेला.
आईच्या मातीला तो आला नव्हता.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.
"तीन वाजतात? रॅम काढ.
सोनेरी दात दिसतात ना,
त्यांवर खोडरबर घास, शाळेतला, मऊ.
आणि निळ्या खाचेत बसव."
"निळ्या दोन आहेत."
"प्रोसेसरजवळची."
"म्हणजे डावीकडची?"
"तुझी डावी का मशीनची?"
असं चाळीस मिनिटं.
गेल्या दहा वर्षांत मिळून
एवढं बोललो नसू.
मधेच तो गप्प झाला.
मला वाटलं, आता काढतो विषय.
म्हणाला, "खटका ऐकू आला का?
दोन्ही बाजूंनी यायला हवा."
आला, म्हटलं.
दोन्ही बाजूंनी.

पडदा उजळला.
निळी पाटी, कोपऱ्यात तारीख:
एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतली बॅटरी संपली की म्हणे ही मशिनं
आपल्या जन्मतारखेला परत जातात.
त्या थंडीत कारखाना अजून बंद पडायचा होता.
गुंटिस वरच्या खोलीत, पाय टेबलावर,
दुक्सिस खुर्चीखाली,
आई बीट किसते आहे,
बोटं लाल, हाका मारते आहे,
कोणी खाली येत नाही.

"तारीख काय दाखवतं?"
सांगितली.
तिकडून काहीच नाही.
मग नळाचा आवाज, बराच वेळ.
मग, "नाण्याएवढी बॅटरी असते बघ.
सुट्या पैशांत येते.
घालून टाक उद्या."
"घालते."

उद्या होऊन आठवडा झाला.
डब्यात एक स्क्रू उरलाय,
कुठला ते कळत नाही,
त्याच्यावाचून मशीन चालतं आहे.
संध्याकाळी मी बटण दाबते,
ते म्हणतं, एक जानेवारी.
मी खरी तारीख भरते, आकडा आकडा करत,
दिवस, महिना, साल,
आणि मग पुढे जाते.