दोन कंदील

पायदळाचा कप्तान अंतर कोसांत सांगे,
गलबताचा कप्तान खोली वावांत.
मध्ये मी, शापोऱ्याचा तांडेल पुतू.
दोघांची मोजणी जोडणारी एकच दोरी,
ती माझ्या कमरेला, टोकाला शिसं.

लढाई कोणाची कोणाशी, नीट कळलं नव्हतं.
पणजीत म्हणे दोन गव्हर्नर झालेत,
एक वाड्यात, एक जहाजावर.
झेंडा दोघांचा एकच, शिव्याही एकाच भाषेतल्या.
म्हणून आपल्या माणसांनी डाव्या दंडाला
पांढरी चिंधी बांधायची ठरली.
शिवोलीत त्या दिवशी एक धोतर धड राहिलं नाही.

नकाशे बाजूला सारून त्यांनी मला विचारलं.
म्हटलं, उद्या अष्टमी, पाणी आळशी.
चंद्र मध्यरात्री बुडेल.
रेतीचा दांडा ओलांडायचा तर तांबडं फुटायच्या आत,
नाहीतर तोफांसकट बसाल चिखलात, कुर्लीसारखे.
दोघे हसले.
एकत्र, पहिल्यांदाच.

मानशीच्या फळ्या घट्ट लावायच्या,
म्हणजे खाजन कोरडं, पायदळ बांधावरून.
एक कंदील : पोचलो.
दोन कंदील : मारा.
धरायचे मी.
किल्ल्यात तुझं कोण आहे, कोणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

पहिला धरला तेव्हा हात स्थिर होता.
दुसऱ्याची वात दोनदा विझली.
वारा नव्हता.

मग जसं बोलणं झालं तसंच घडलं,
पळभरही चुकलं नाही.
गोळा थांबला तिथून शिडी सुरू,
शिडी अडली की पुन्हा पाण्यावरून गोळा.
इतकं जुळलेलं काम
मी लग्नाच्या मांडवातही पाहिलं नव्हतं.

उजाडता वर गेलो.
चुलीवर हंडा, पेज अजून वाफाळती.
खलाशी आणि शिपाई एकाच रांगेत, हातात करवंट्या,
याची चिंधी त्याच्या जखमेला.
मीही घेतली.
"अळणी आहे रे!" कोणी ओरडलं,
आणि एका खलाशानं कनवटीचं
आगरवाड्याचं मीठ मूठभर हंड्यात टाकलं.

अळणीच असणार.
गुणो लहानपणापासून हात आखडतो मिठाला,
आई रोज बोलायची.

कोणाला विचारावं, कोसवाल्याला की वाववाल्याला,
ठरेना.
करवंटी धरून उभा राहिलो.
हंड्याच्या काठावर डवली होती,
अजून ओली.