खिशांचा खर्च

निलंग्यात, पंक्चरच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढून उजव्या हाताला आमचं कार्यालय.
पाटीवर ‘आंतराष्ट्रीय’ असं लिहिलंय.
पेंटरनं एक ‘र’ खाल्ला.
पाटी नव्यानं रंगवायला साडेतीनशे,
आणि साडेतीनशेत एका गोधडीचं अस्तर, दोरा निघतो.
‘र’ नाही तर नाही, असा ठराव झाला.
तो मीच लिहिला.

लातूरला धर्मादाय कार्यालयात
बाबूनं अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला.
‘आंतरराष्ट्रीय? अन् निलंग्यातून?’
दगडूअप्पा म्हणाले, ‘का, लातूरातून लवकर पोचतंय काय?’
शिक्का सात महिन्यांनी बसला.

आम्ही चौघं.
दगडूअप्पा बिडवे, खजिनदार. जन्मभर एस.टी.त कंडक्टर,
अजून चिल्लर न बघता मोजतात, बोटांनी.
शमीमबाजी, त्यांच्या मशीननं निम्मी खोली अडवलीय.
चांगुणा सुरवसे, अंगणवाडीतून थेट येते,
पदराला खिचडीचा वास घेऊन.
आणि मी. टायपिंगचा क्लास बंद पडला,
म्हणून चिटणीस.

त्र्याण्णवला चांगुणा दहा वर्षांची.
पत्र्याच्या शेडात परदेशातनं गठ्ठे आले,
तिच्या वाट्याला एक लोकरीचा कोट,
बापाच्याही घोट्यापर्यंत येणारा.
आमच्याकडं घालणार कोण तो?
बापानं तो थंडीत म्हशीच्या पाठीवर टाकला.
खिशात मात्र एक तिकीट सापडलं होतं,
चार घड्यांचं, न वाचता येणाऱ्या अक्षरांचं.

ते तिनं पोथीत ठेवलं.
पुढं वीस वर्षांनी, औराद गाडीत,
सुट्या पैशांवरून अप्पांशी भांडता भांडता
पर्समधून तेच खाली पडलं.
अप्पांनी उचललं, उजेडाला धरलं.
भाषा त्यांनाही कळली नाही, भोकं कळली.
‘दोनदा पंच हाय,’ म्हणाले.
‘जाऊन परत आलंय माणूस.’

एवढ्यावर संस्था निघाली.
लोकांना सांगताना आम्ही दुसरं काही सांगतो.

नेपाळला जमीन हलली तेव्हा
एकशे बारा गोधड्या झाल्या.
निम्मं निलंगा जुनी लुगडी, साड्या घेऊन जिन्यावर उभं.
एक बाई नवी कोरी साडी देऊन गेली,
घडी न मोडलेली, आणि नाव सांगितलं नाही.

सोनौलीला ट्रक चार दिवस अडला.
अप्पा गठ्ठ्यांवरच झोपले.
तिथून फोन: ‘साहेब इचारलालाय,
कापड जुनं का नवं? काय लिहू?’
शमीमबाजींच्या तोंडात सुई होती.
सुई काढून म्हणाल्या,
‘लिहा, कापड जुनं, शिवण नवी.’
तेच लिहिलं. फाटक उघडलं.

दोन महिन्यांनी फोटो आला.
डोंगर, ताडपत्री, आणि आमची गोधडी
एका शेळीच्या अंगावर.
तेलगिरणीवाले मोदाणी बैठकीत तो धरून बसले:
‘ह्याच्यासाठी देणगी दिली काय आम्ही?’
कुणी बोलेना.
चांगुणा हसायला लागली, ती थांबेचना.
शेवटी डोळे पुसत म्हणाली,
‘पोचली म्हणायची.’

ऑडिटर आला, नमुन्याची गोधडी उलटीसुलटी केली.
कोपऱ्यात तळहाताएवढा खिसा.
‘गोधडीला खिसा कशाला? ह्याचा खर्च कुठं दाखवलाय?’
शमीमबाजी मशीनला तेल घालत राहिल्या.
अप्पा खिडकीतून टायर बघत राहिले.

मला ती रात्र आठवत होती, ट्रक निघायच्या आदली.
वीज गेलेली. मी रजिस्टर न्यायला वर आलो
तर आतून आवाज येत होता:
खट्, खट्. थांबून पुन्हा
खट्, खट्.
अप्पांच्या पेटीतला जुना पंच तो,
डेपोत जमा करायचा राहिलेला.
मी जिन्यावरूनच परत फिरलो.

इतिवृत्तात मी लिहिलं,
खिशांचा खर्च: निरंक.
ऑडिटरनं सही केली, चहा पिऊन गेला.
खिसे रिकामे होते का,
हे त्याच्या नमुन्यात विचारलेलं नव्हतं.