एक हजार चोवीस

दोन वाजून अकरा मिनिटांनी टर्बाईन ट्रिप झालं
आणि कृष्णाकाठचा अख्खा कारखाना
चिमणीसकट अंधारात गेला.
यूपीएसची बॅटरी फुगलेली, तिनं चार सेकंद दम धरला.
मग दिवे आले, सर्व्हर आपला आपण उठला,
हिरवा ठिपका लागला.
मी चहा सांगितला.

पावणेचारला काटा अडला.
पडद्यावर एकच ओळ:
फार फायली उघड्या आहेत.

बाहेर उसाच्या गाड्या, पार ताकारी फाट्यापर्यंत.
जतचा एक ड्रायव्हर, कानाला मफलर,
काचेवर नाणं वाजवतो,
"काय ओ मॅडम, काटा झोपला व्हय?"

डिस्क बघितली, निम्मी रिकामी.
मेमरी ऐसपैस.
केबल हलवली, कारण ती सगळेच हलवतात.
मग उघड्या फायली मोजल्या:
एक हजार चोवीस.
पुन्हा मोजल्या. एक हजार चोवीस.
आपल्याला अर्धवट वाटणारा हा आकडा
मशीनच्या हिशेबात मात्र गोल,
कुणीतरी आखून दिल्यासारखा.

भरल्या गाडीचं वजन झालं की फाईल उघडते,
गाडी रिकामी होऊन परत काट्यावर येईपर्यंत
मिटत नाही.
हंगामात इथं कायम दोन-अडीच हजार उघड्या.
मग कालपर्यंत कशा मावत होत्या?

मगदूमकाकांना फोन लावला.
निवृत्त माणूस, दुसऱ्याच रिंगला उचलला.
"मर्यादा मीच वाढवलेली, तहसीन.
मागच्या हंगामात, चालू मशीनवर, हातानं.
फायलीत लिहायचं र्‍हायलं बघ."

चारशे सहा दिवस
तोंडी सांगितलेलं त्या मशीननं पाळलं.
एकदाच डोळा लागला,
आणि जागं झालं ते
खोक्यातून काढलं त्या दिवशीचं.

मी लिहिलं. सेवा पुन्हा चालू केली.
तोच आकडा.
ती फाईल दारात नाव सांगून आत येणाऱ्यांची.
ही सेवा दारातून येतच नाही,
मशीन उठलं की आतच जन्मते,
तिचा कागद वेगळा.
तो सापडेपर्यंत चहावर साय धरली.

पासष्ट हजार पाचशे छत्तीस.
काटा हलला. प्रिंटर खोकला.
जतवाल्यानं पावती दोनदा वाचली, खिशात घातली,
आभार वगैरे काही नाही.

काका अजून लाईनवरच होते.
न विचारता सांगत होते:
दव पडलं की तीन नंबरची डावी प्लेट
वीस किलो जास्त दाखवते.
प्रिंटरला कागद उलटा घालायचा.
उंदीर येतो तो पाईपच्या भोकातून, बोळा बदलत जा.
मी रद्द पावत्यांच्या पाठीवर लिहीत राहिले,
शाई थंडीनं अडखळत होती.

खरं तर आता मशीन मुद्दाम बंद करून
पुन्हा उठवून बघायला हवं.
त्याशिवाय, लिहिलेलं त्याच्या ध्यानात राहिलं का
हे कळायचं नाही.

पण गाड्या ताकारी फाट्यापर्यंत.