सांधा

पहिला बाहुला उभाच राहिला नाही.
दुसरा उभा राहिला, पण पेटला नाही.
तिसऱ्याच्या पोटात दिवा लागला
आणि गुडघा वाकवला तसा
टक् करून गेला.

कुपवाडच्या शेडमध्ये दुपारी तीनला,
वर पत्रा तापलेला, शेजारी कुणाची तरी लेथ किंचाळतेय,
मी चिमट्यात धरून बघते
केसाएवढी तांब्याची तार.
वाकली तिथंच तुटलीय.
दर वेळी तिथंच.
सात इंचाचा माणूस, चौदा सांधे,
आणि एकूण एक सांधा
तारेच्या जिवावर उठलेला.

रजाकभाई शिकलगार साचा घासता घासता म्हणाले,
"हातापायात तार कशाला घालतीस?
तार वाकली की मरती.
उजेडाला कुठं हाडं असत्यात?
त्याला नुसती वाट दे."

वाट.
म्हणजे खांद्याची गोळी काचेसारखी आरपार.
म्हणजे ती वाटीत बसायला हवी, पण रुतायला नको;
सैल झाली तर हात लोंबतो,
आवळली तर लेकरू पिरगाळून मोडतं.
म्हणजे अंगाची भिंत दीड मिलिमीटर.
एकला आतली सर्किटची हिरवी पट्टी दिसते,
दोनला माणूस आजारी वाटतो.
या गावात पाणी फुटांत मोजतात.
आयर्विन पुलापाशी किती झालं, एवढं कुणी विचारलं
की झोपलेली माणसं उठून बसतात.
मी दशांशात मोजत बसते
खांद्यातून कोपरात किती उतरलं.

रंगाचं तर विचारूच नका.
पुण्याच्या पार्टीला हवा होता निळा,
अंतराळवीर-बिंतराळवीर असतो तसा.
मी मार्केट यार्डातून ओलं हळकुंड आणलं,
रंगाच्या दाण्यांवाल्यासमोर मोडलं
आणि म्हटलं, हा.
वरचा नव्हे. हा, आतला.

सतराव्या खेपेला छाती पेटली.
दंडापर्यंत झकास, कोपरापाशी पातळ,
बोटांत जवळजवळ काहीच नाही.
पार्टीचा फोन आला: बोटं अंधारात का?
मी म्हटलं, बघते.
म्हणजे, मला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
रजाकभाईंचा नातू मुजम्मिल आला,
भडंगाचा तेलकट हात चड्डीला पुसला
आणि माझ्या सतराव्या माणसाला उचललं.
खोक्यावर छापायला मी एक पवित्रा काढला होता,
एक हात वर, एक कमरेवर.
त्यानं तो पाहिलाही नाही.
बाहुल्याला खाली बसवलं, गुडघे वर घेतले,
दोन्ही पंजे छातीवर आणून ठेवले.
शेडचं शटर अर्धं खाली होतं.
छातीतला उजेड
त्या अंधाऱ्या बोटांतून आला,
फटी दिसतील, नखं दिसतील, असा.

"हे काय केलंस रे?"
"दिवा झाकलाय त्यानं. घरातली झोपल्यात."

माझे वडील भिलवडीला एमएसईबीत वायरमन.
तारा जोडून मध्यरात्री घरी यायचे
ते बॅटरीच्या तोंडावर तळहात ठेवून,
पोरींची झोप मोडू नये म्हणून.
आम्ही जाग्याच असायचो.
दारातून आधी नुसता हात आत यायचा,
लाल, हाडांच्या सावल्यांसकट,
मागं माणूस नसलेला.
मग मोरीत पाण्याचा आवाज.
मग खोकला.
मग आम्ही झोपायचो.

हे मी मुजम्मिलला सांगितलं नाही.
पुण्याला लिहिलं:
खांदा, कोपर, गुडघा, उजेड कुठंच तुटत नाही.
बोटं मुद्दाम.
मुद्दामखाली रेघ मारली.
खोटं होतं, पण त्या दुपारपासून खरं.

रजाकभाईंनी कागद वाचला,
चष्मा कपाळावर चढवला,
बाहुल्याचे झाकलेले हात डोळ्यांपाशी नेऊन
बराच वेळ बघत राहिले.
मग कानस उचलली.
"अंगठा जाड हाय," म्हणाले,
"नीट मिटंना. हितनं गळतंय बघ."