सतरा नंबरचं जॅकेट

बामणोलीच्या धक्क्यावर होड्यांचे नंबर लागतात.
आज माझा सातवा.
तोवर जॅकेटं उन्हात पसरून ठेवतो,
नारिंगी, दमट,
कालच्या पोरांच्या वेफर्सचा वास लागलेली.
सतरा नंबरचं सगळ्यात मोठं, पण बकल तुटलेलं.
ते कुणाला देत नाही. मीच घालतो.

दुपारी सांगलीच्या चौघी आल्या,
पोस्टातून निवृत्त, डब्यात धपाटे,
गॉगल नवे.
सगळे विचारतात तेच विचारलं: किती खोल असेल हो?
माझी उत्तरं ठरलेली आहेत.
शाळेच्या सहलीला: तीन हत्ती.
पुणेकरांना: तुम्हीच सांगा.
हेमलताबाई मात्र होडीच्या काठावर हात टाकून
पाण्याकडे बघत होत्या,
सासरच्या माणसाकडे बघावं तशा.
"म्हणजे हेच ना ते," म्हणाल्या,
"जे उतरून खाली येतं आमच्याकडे?"

हेच, म्हटलं.

मग मोटरच्या आवाजात त्या बोलत राहिल्या,
आयर्विन पुलावरचे फूट, रात्रीत वाढत गेलेले,
जिन्याची चौथी पायरी, सातवी,
आणि फ्रिज,
दार उघडं टाकून हॉलभर फिरलेला,
आतल्या कोथिंबिरीसकट.
मी इंजिन बंद केलं. का ते माहीत नाही.
खाली कुठंतरी आज्याचं खळं आहे,
पण ती गोष्ट मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.
लोक लगेच पाण्याचा फोटो काढतात.

परतताना, काठ जवळ आल्यावर,
"मला तरंगायचंय," बाई म्हणाल्या.
दुसरं कुठलंच जॅकेट त्यांना बसेना.
सतरा काढून दिलं.
बकलाच्या जागी सुतळी,
आणि गाठ मारली ती दाव्याची,
बैल ओढेल तितकी घट्ट होणारी.
दोराचं टोक माझ्या मनगटाला.

बाई उताण्या झाल्या.
पदर फुगला, एक चप्पल सुटून निघाली.
मैत्रिणी ओरडल्या, हसल्या,
एकीनं नृसिंहवाडीला नारळ बोलला.
बाई आभाळाकडे बघत पाण्याला म्हणाल्या,
"त्या साली तू माझ्या फ्रिजवर होतंस."
थोडं थांबून,
"बघ आता."

दोर एकदाही ताणला नाही.
चप्पल तेवढी वासोट्याच्या अंगाला जात राहिली,
बाई म्हणाल्या, जाऊ दे, तिचं तिला.

मला पोहता येत नाही,
आमच्या घरात कुणालाच येत नाही,
हे सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी सतरा वाळत टाकलं.
गाठ ओली होती, सुटेना.
उद्या माझा तिसरा नंबर.