डाव्या हातचा मळ

पो नदीकडे उतरणाऱ्या कमानींखाली
ओर्सोलाबाईंचं जुन्या पुस्तकांचं टेबल.
तोरिनोतला जानेवारी. बोटं कापलेले हातमोजे घालून
त्या माझ्यापुढे तीन ग्रंथ मांडतात,
हातचलाखीचे, तिन्ही नावाजलेले.

पहिल्यात नऊशे पानं, चित्र एकही नाही.
"हा वाचून लोक वकील होतात," बाई म्हणतात.
दुसऱ्यात चित्रंच चित्रं, मनगटाला बाण,
कफाला सोन्याची बटणं,
हात मात्र कुणाचेच नसल्यासारखे गुळगुळीत.
तिसरा फाटका. प्रस्तावनेवर कॉफीचा अर्धा गोल.

मी न्हावी. डावखुरा.
माझी कात्री वेगळी मागवावी लागते,
अकरा युरो जास्त मोजून;
आणि हे तिघेही एका सुरात सांगतात:
नाणं उजव्या तळव्यात घ्या.

तिसरा चाळताना थबकलो.
"उजवा" खोडलेला. वर पेन्सिलीनं, बारीक, "डावा".
पुढच्या ओळीत "डावा" खोडून "उजवा".
कुणीतरी अख्खं पुस्तक
ओळ ओळ करत आरशात नेऊन ठेवत होतं.
आत नाव: फियोरेन्झा. साल अठ्ठावन्न.
पान एकसष्टपर्यंत. पुढे कोरं.

"कोण होती?"
बाईंनी खांदे उडवले. "खोक्यातून आलं.
खराब केलंय कुणीतरी, चार युरो कमी द्या."
मी पूर्ण दिले.

दुकान बंद झालं की गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतो,
आरशाकडे पाठ करून. आरशात मी उजवाच दिसतो.
या हाताचं त्या हाताला कळू नये,
शिकायचं एवढंच; आणि माझ्या दोन्ही हातांना
एकमेकांना खबर देण्याची भारी खोड.

चाळिसाव्या पानावर नाणं पडत राहिलं.
तेरा रात्री. फरशीवर, कापलेल्या केसांत.
अंगठ्याला शिव्या घातल्या, मग घराण्याला.
चौदाव्या रात्री बोट ठेवून वाचलं:
तिसऱ्या ओळीत एक "उजवा" राहून गेलाय.
दूध उतू गेलं असेल तेव्हा,
दार वाजलं असेल.
मी तो दुरुस्त केला, तिच्या अक्षराच्या
जमेल तितकं जवळ जात.
नाणं टिकलं.

परवा एकसष्ट संपलं.
बासष्टवर पहिल्याच ओळीत "उजवा", धडधाकट,
कुणी हात न लावलेला.
ती इथं का थांबली?
लग्न झालं, कंटाळली, पेन्सिल संपली;
की खोडायची गरजच उरली नाही,
वाचता वाचता मनातच उलटत गेलं सगळं?
मला हे शेवटचं पटवून घ्यायचंय.

तरी पेन्सिल घेतली.
डावखुऱ्याचा हात लिहिलेल्यावरूनच पुढे सरकतो;
तळव्याच्या कडेला शिसं लागलं, करडं, चकचकीत.

सकाळी म्हातारे बाल्दिसेरो,
मानेभोवती टॉवेल गुंडाळून घेताना म्हणाले,
"हात धुतला नाहीस."
नाही धुतला, म्हटलं.
त्याच हातातल्या नाण्याबद्दल
ते काही बोलले नाहीत.